हत्यारांची पूजा



खंडेनवमीच्या दिवशी आपण घरातील हत्यारे पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुले घालतो. विळी, कोयता, करवत, शिवणयंत्र, सायकल या साऱ्यांना त्या दिवशी देवत्व लाभते. परंतु ज्या हातांत ही हत्यारे वर्षभर चालतात, त्या हातांकडे आपण त्याच पूज्यभावाने पाहतो काय? हा प्रश्न मनात धरून, आपल्याच बेळगाव जिल्ह्यात जन्मास आलेल्या एका पुरुषाचे आज स्मरण करू या.

कै. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत त्यांचे मन अधिक रमे. तीर्थरूपांना हा मार्ग रुचेना. तेव्हा थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. रामायणात धाकटा बंधू थोरल्याच्या मागे वनात गेला; येथे थोरला धाकट्याच्या ध्यासामागे उभा राहिला. नावेही रामाची आणि लक्ष्मणाचीच!

पुढे असे आढळले की लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना सर्व रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? पण देवाने एक दार लावले म्हणून ते उंबऱ्यावर रडत बसले नाहीत. यंत्ररेखनास रंग लागत नाहीत. ते त्यांनी आत्मसात केले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिकवू लागले. पुढे बढतीचा हक्क डावलला गेला, तेव्हा नोकरीचा त्याग करून ते बेळगावी परतले आणि दोघा भावांनी सायकलींचे दुकान चालविले. दुकानाच्या नावातच भाऊपण होते : ‘किर्लोस्कर ब्रदर्स’.

नंतर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. शेतकऱ्यांचा समज असा की लोखंडाने जमीन विषारी होते. नांगर गिऱ्हाइकावाचून पडून राहिले. ज्याने स्वतःच्या हातांनी वस्तू घडविली, त्याला ती पडून राहिलेली पाहणे किती कठीण! तरीही त्यांनी शेतकऱ्यास दोष दिला नाही, वा काम सोडले नाही. फळाची घाई न करता कर्म नेटके करीत राहणे, हीच गीतेची शिकवण नव्हे काय? पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आधार दिला आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले व याच कामास लागले. घर आणि कारखाना यांत त्यांनी भिंत घातली नाही. कुटुंब म्हणजे केवळ रक्ताची माणसे, एवढाच अर्थ त्यांनी मानला नाही. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन उत्सवात आपल्या देवळाच्या विहिरीवरील पंप बंद पडला. अभिषेक खोळंबला. एक वृद्ध मिस्त्री आले, दोन घटका खाली वाकून बसले आणि पाणी सुरू झाले. मी तीर्थ घेऊन बाहेर आलो, तो त्यांचे हात तेलाने माखलेले. मी म्हणालो, “आधी हात धुऊन या.” ते ओशाळले आणि पायरीवरूनच मागे फिरले. ती. बाबांनी हे पाहिले. त्यांनी माझ्या हातातील पळी घेतली, पायऱ्या उतरून ते त्यांच्यामागे गेले आणि त्या काळ्या तळहातावर तीर्थ घातले. परत आल्यावर मला एवढेच म्हणाले, “अरे, त्या हातांनी आज देवाला स्नान घातले. आपण नुसता तांब्या धरला.”

मी पुजाऱ्याचा मुलगा. शुद्धाशुद्धाचे नियम मला पाठ होते. पण शुद्ध म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. ज्या हाताला दुसऱ्याच्या कामी येण्याचा वीट नाही, तो हात शुद्ध होय. मंत्र चुकला तर आपण प्रायश्चित्त घेतो. माणूस ओशाळला तर त्याचे प्रायश्चित्त कोण घेणार?

म्हणून सभासद कुटुंबांना माझी नम्र विनंती आहे. येत्या खंडेनवमीस हत्यारांबरोबर आपल्या घरच्या कर्त्या पुरुषाचे आणि स्त्रीचे हातही पाहा. त्यांवरील घट्टे मोजा, मुलांना दाखवा. आणि देवळाचा पंप, दिवे, घंटा ज्यांच्यामुळे चालतात, त्यांना त्या दिवशी पहिले तीर्थ द्या. त्यांनी हात पुसण्यापूर्वीच द्या.

देव सर्वांच्या हातांस काम आणि कामास यश देवो. इति शुभं भवतु.