हेतू चांगला, बातमी खोटी

एखादी बातमी खोटी असली, पण ती वाचून माणसाच्या मनात मुक्या प्राण्यांविषयी कळवळा उत्पन्न झाला, तर त्यात बिघडले काय, असा प्रश्न हल्ली पुष्कळ चांगली माणसे विचारतात. मोबाइलवर आलेले एखादे नवलाचे चित्र त्यांनी चार ठिकाणी पाठवलेले असते. ते खरे नाही असे कोणी दाखवून दिले की ती म्हणतात, "असू द्या, हेतू तर चांगला होता ना?" हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. चांगल्या कामासाठी खोट्याचा आधार घ्यावा काय, हा फार जुना प्रश्न आहे. समाजमाध्यमांमुळे तो आता आपल्या घरात येऊन बसला आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे इटली देशातील व्यवहार बंद झाले. थोड्याच दिवसांत जगभर अशी वार्ता पसरली की, व्हेनिस शहराच्या कालव्यांत राजहंस आणि डॉल्फिन परत आले आहेत. माणूस घरात बसताच निसर्गाने आपली जागा परत घेतली आहे. मरणाच्या बातम्यांनी खचलेल्या लोकांना ती वाचून किती दिलासा मिळाला असेल! परंतु ते डॉल्फिन व्हेनिसचे नव्हते. ते चित्रण सार्डिनिया बेटावरील काल्यारी या दूरच्या बंदरातले होते. राजहंसही नव्याने आलेले नव्हते. व्हेनिसजवळच्या बुरानो बेटापाशी ते एरवीही दिसतात. कालव्यांचे पाणी निवळले होते, एवढे मात्र खरे. पण नावांची ये-जा थांबल्यामुळे गाळ तळाशी बसला, हे त्याचे कारण.

कोणी म्हणेल, यात कोणाचे नुकसान झाले? आमच्या मते नुकसान झाले. या वार्तेने लोकांच्या मनात एक सोयीची समजूत रुजवली: माणसाने आठ-पंधरा दिवस स्वस्थ बसावे, की बिघडलेली सृष्टी आपोआप सुधारते. वस्तुस्थिती निराळी होती. २०२० सालात जगातील कार्बन डायऑक्साइड वायूचे उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटले. तरीही हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत मे २०२० मध्ये हवेतील या वायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत ४१७ भाग भरले, आणि तोवरच्या नोंदींत ते सर्वांत अधिक होते. नळ थोडा आवळला म्हणून हौद रिकामा होत नाही. धार चालू असेपर्यंत तो भरतच जातो. पुढे २०२१ मध्ये उत्सर्जन पुन्हा जवळजवळ पहिल्या पातळीवर आले. म्हणजे ज्या वेळी मनुष्याने अधिक सावध व्हावयास हवे होते, त्याच वेळी एका गोड बातमीने त्याला निश्चिंत केले.

दुसरे उदाहरण ॲमेझॉनच्या अरण्याचे. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील वणव्यांची छायाचित्रे जगभर फिरली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष एमान्युएल माक्राँ यांनीही त्या महिन्यात एक छायाचित्र प्रसिद्ध केले आणि पृथ्वीवरील २० टक्के प्राणवायू हे अरण्य निर्माण करते असे लिहिले. ते छायाचित्र ज्याने काढले तो छायाचित्रकार २००३ सालीच मरण पावला होता. प्राणवायूची गोष्टही तशीच. अरण्यातील झाडे जेवढा प्राणवायू बाहेर टाकतात, जवळजवळ तेवढाच त्यांच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात खर्च होतो. आता वणवे खोटे होते काय? मुळीच नाही. ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेने २०१८ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनमध्ये सुमारे १०,४०० आगी मोजल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या सुमारे ३०,९०० भरल्या. खरी गोष्ट एवढी भयंकर असताना तिला जुन्या चित्राची जोड देण्याचे कारणच नव्हते. ती दिल्यामुळे, "हे सारे थोतांड आहे" असे म्हणण्यास ज्यांना निमित्त हवे होते, त्यांना ते आयते मिळाले. सत्याच्या भिंतीत खोटी वीट बसवली, तर पाडणारा नेमका तिलाच हात घालतो.

परंतु याहून मोठे नुकसान तिसऱ्या उदाहरणात दिसते, आणि ते आपल्याच देशातले आहे. २७ मे २०२० रोजी केरळातील पालक्काड जिल्ह्यात वेल्लियार नदीच्या पात्रात एक गाभण हत्तीण उभ्या उभ्या मरण पावली. स्फोटक भरलेले फळ खाल्ल्यामुळे तिचे तोंड फाटले होते. एका वन अधिकाऱ्याने फेसबुकवर तिच्याविषयी लिहिले, तेव्हा ही गोष्ट जगाला कळली. त्या लिखाणाने देश हळहळला, आणि हळहळणे योग्यच होते. समाजमाध्यमे नसती तर त्या मुक्या जिवाची दाद कोणी घेतली असती? पण दोनच दिवसांत बातमीला पाय फुटले. घटना मलप्पुरम जिल्ह्यात घडली, लोकांनी मुद्दाम अननस चारून हत्तिणीला मारले, असे सांगण्यात येऊ लागले. आणि त्या जिल्ह्यात ज्या समाजाची वस्ती अधिक आहे, त्या समाजाला लोक शिव्याशाप देऊ लागले. खरी हकिगत अशी की, पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांना मारण्यासाठी त्या भागात स्फोटके भरलेली फळे ठेवत असत, आणि तसलेच फळ हत्तिणीच्या तोंडी पडले असावे असे तपासात दिसून आले. ही रीत क्रूर आणि बेकायदा आहे, यात शंका नाही. पण ती एका जिल्ह्याची किंवा एका धर्माची नाही.

येथे प्राण्यावरील दयेचे रूपांतर माणसांच्या द्वेषात झाले. शब्बाथ शाळेत आपण मुलांना दहा आज्ञा पाठ करून घेतो. त्यांतील खोट्या साक्षीविषयीची आज्ञा केवळ न्यायालयातील पिंजऱ्यासाठी आहे काय? जो बातमी पुढे पाठवतो तो साक्षच देत असतो. ज्यांना आपण कधी पाहिले नाही अशा लाखो माणसांवर आरोप करताना, "हेतू चांगला होता" हे उत्तर पुरेसे नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. नवल वाटले म्हणून बातमी खोटी ठरत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि वडोदरा शहराच्या वस्तीत मगरी शिरल्या. घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचे चित्र पाहून बाहेरगावच्या लोकांनी ते बनावट मानले असते, तर नवल नव्हते. पण ते खरे होते. विश्वामित्रीत मगरी पूर्वीपासून आहेत. शहरच वाढत वाढत तिच्या पात्राकडे सरकले आहे. खोट्या चित्रांनी वारंवार फसलेला मनुष्य अशा खऱ्या चित्रावरही विश्वास ठेवीनासा होतो, आणि मग इशारा ऐकण्याची शक्तीच तो गमावून बसतो.

तेव्हा काय करावे? मोबाइल टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. मात्र मंडळीच्या गटात एखादी नवलाची बातमी पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हे कोठे घडले? कधी घडले? प्रत्यक्ष पाहणारा कोण? उत्तर मिळाले नाही, तर बातमी आपल्यापाशीच थांबू द्यावी. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे प्रश्न मुलांच्या अंगवळणी पाडावेत; मोठ्यांपेक्षा मुले ते लवकर शिकतील.

बातमी खरी ठरली, तर चौथा प्रश्न उरतो आणि तोच सर्वांत अवघड आहे: आता आपल्याकडे कोणते काम येते? खोटी बातमी आपल्याकडून फक्त आनंद, अश्रू किंवा राग मागते, आणि तो दिला की आपले कर्तव्य झाले असे वाटते. खरी बातमी तेवढ्यावर सोडत नाही. हत्तिणीची खरी हकिगत विचारते की, शेतकऱ्याचे पीक वाचावे आणि रानातला जीवही वाचावा, अशी व्यवस्था कशी होईल? विश्वामित्रीची हकिगत विचारते की, नदीच्या जागेत घर बांधताना पाणी कोठे जाईल याचा विचार केला होता काय? हैदराबादेत मुसी आहे, इंदुरात कान्ह आहे. व्हेनिसच्या पाण्यात कोण पोहते याची चौकशी करण्यापूर्वी, आपल्या उपासनामंदिराच्या मागचा नाला कोणत्या नदीला जाऊन मिळतो आणि त्यात आपल्या घरचे काय वाहत जाते, हे मुलांना घेऊन एकदा पाहून यावे. ती बातमी कदाचित गोड नसेल. पण तिच्याविषयी काहीतरी करणे आपल्या हाती आहे.