सामाईक भिंत आणि अवधूताचे गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तजनहो, सप्ताहात प्रवचन आटोपलं की मंडळी शंका विचारायला थांबतात. पूर्वी शंका असायच्या जपाच्या, पारायणाच्या, सोवळ्याओवळ्याच्या. हल्ली घराच्या असतात. "बुवा, शेजाऱ्यानं बांधकाम काढलंय. सामाईक भिंतीत गर्डर घातला, आमच्या देवघराला तडा गेला. काय करावं?" विचारणाऱ्याच्या हातात जपमाळ असते आणि पिशवीत वकिलाची नोटीस!

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत साप आहे. तो स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्यानं केलेल्या बिळात राहतो. त्याला ना सामाईक भिंत, ना तंटा! पण आपण पडलो संसारी. मुलाचं लग्न ठरलं की खोली वाढवावीच लागते. मग आपण पहिल्या गुरूकडं बघावं. पहिला गुरू पृथ्वी. तिला खणा, नांगरा, तिच्यावर ओझं टाका. ती रागावत नाही, आणि आपला धर्मही सोडत नाही. क्षमा म्हणजे मुकाट्यानं सोसणं असं आपण धरून चालतो, तिथं चुकतं. आपलं म्हणणं जरूर मांडावं, फक्त राग न धरता मांडावं.

जुन्या घराची सामाईक भिंत पाहा. दोन्हीकडच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या. एकानं मजला चढवला की दुसऱ्याला त्याचा भार कळतोच. भिंतीला बाजू दोन, पाया मात्र एक! म्हणून पहिला घण पडण्याआधी शेजाऱ्याच्या दारी जावं. नकाशा दाखवावा. दोघांनी मिळून इंजिनिअरला भिंत दाखवावी, आधीच्या तड्यांचे फोटो काढून ठेवावेत. टेकू कुठं द्यायचा, नुकसान झालं तर दुरुस्ती कोणी करायची, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. यात अविश्वास कसला? आपल्यामागं पोरांनी भांडू नये, एवढीच ती सोय.

वाद हद्दीचा असेल तर भूमि अभिलेख कार्यालयात फी भरून मोजणी मागावी. ज्ञानोबामाउलींनी भिंत चालवली ती चांगदेवांचा अहंकार उतरवायला. आमच्याकडं भिंती रात्रीतून चालतात, त्या शेजाऱ्याच्या अंगणाकडं! एवढ्यानंही मिटलं नाही, तर गावात तंटामुक्त समिती आहे, लोकअदालत आहे. दावा लावण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत नेता येतं, कोर्ट फी लागत नाही. दोघांच्या संमतीनं झालेल्या तिथल्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील होत नाही.

चोवीसांत कुरर पक्षीही आहे. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बळकट पक्षी त्याला टोचत राहिले. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. आता ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं, माझ्या चोचीत काय आहे? हक्क आहे की हट्ट? हक्क मोजणीत सापडतो. हट्ट कुठल्याच नकाशात नसतो, तो टाकायचा.

मी अशी दोन घरं पाहिली आहेत. भिंत एक, भांडण नऊ इंचांचं. त्यांतला एक गेला तेव्हा शेजारचं दार उघडलं नाही. खांदा द्यायला माणसं पलीकडच्या आळीतून आली. पुढं दुसराही गेला. दावा वारसांच्या नावावर चालू राहिला. मुलांच्या वाट्याला तारखा आल्या, नऊ इंच कुणालाच लाभले नाहीत. आपल्या वयाला हे जास्त कळतं. अडीअडचणीला पहिली हाक भिंतीपलीकडंच जाते.

तेव्हा यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळणा झाला, की सुंठवड्याची पहिली पुडी भिंतीपलीकडं द्या. बोलणं बंद असेल तर आधी द्या. नकाशा दुसऱ्या दिवशी उघडा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!