पहिलीतल्या पोराची परकी भाषा

वऱ्हाडात इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला 'कॉन्व्हेंट' म्हणतात. मिशनऱ्यांशी तिचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. गल्लीत दोन खोल्यांत भरणारीही कॉन्व्हेंटच. "पोराले कान्व्हेंटात टाकलं," असं अकोला-अमरावतीकडे बाप जरा ताठ मानेनं सांगतो. परकी भाषा जितकी लवकर तितकी बरी, हे त्याला आता कुणी पटवून द्यावं लागत नाही. पण ही समजूत फार जुनी नाही.

एका पिढीपूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत यायचं. आधी आपल्या भाषेत लिहिणं-वाचणं पक्कं होऊ द्या, मग दुसरी, असा तो हिशेब होता. तिकडे 1959 मध्ये मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी बालपणीचा मेंदू भाषा सहज उचलतो असं मांडलं. 1967 मध्ये एरिक लेनेबर्ग यांनी त्याला वयाची हद्द घातली आणि 'लवकर' या शब्दाला विज्ञानाचं वजन आलं. इंग्लंडनं 1964 पासून आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवूनही पाहिलं. दहा वर्षांनी क्लेअर बर्स्टॉल यांचा अहवाल आला. अकराव्या वर्षी सुरुवात केलेल्यांपेक्षा ही मुलं शेवटी फारशी पुढे गेली नव्हती, फक्त ऐकून समजण्यात सरस होती. तरी 2014 मध्ये तिथं सातव्या वर्षापासून परकी भाषा सक्तीची झालीच. अहवालानं हौस मोडत नाही.

आपल्याकडे 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आलं. शेतकऱ्याच्या पोरालाही संधी मिळावी, या हेतूशी माझं भांडण नाही. पण शिकवणारे बहुतेक गुरुजी स्वतः इंग्रजी उशिरा शिकलेले आणि वर्गाबाहेर ती न बोलणारे. 'स्टँड अप, सिट डाऊन' पोरं झकास म्हणतात, उठतात, बसतात. पुढे गाडी अडते. दिवसभर कानावर पडणारी भाषा वेगळी आणि वेळापत्रकातला एक तास वेगळा; वयाचा सिद्धांत उचलताना हा फरक मागेच राहिला.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट इथल्या जिल्हा परिषद शाळेत चौथी ते आठवीच्या मुलांना कुठली परकी भाषा हवी ते विचारलं, तेव्हा रोबोटिक्सच्या ओढीनं त्यांनी जपानी निवडली आणि एका जाणकारानं ती ऑनलाइन शिकवली. तिथं मुलांना अक्षरओळख आधीच होती, निवड त्यांची होती आणि शिकवणाऱ्याला भाषा येत होती. मला वयापेक्षा या तीन गोष्टी मोठ्या वाटतात.

2025 मध्ये वाद हिंदीवर पेटला. 16 एप्रिलच्या शासन निर्णयानं पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणली, 29 जूनला सरकारनं माघार घेतली. मराठी मुलावर किती भाषांचं ओझं, हा प्रश्न योग्यच होता. पण अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदऱ्यात, हा वाद आधीच शिळा आहे. तिथं कोरकू मुलाला पहिलीत भेटणारी परकी भाषा मराठीच असते. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाळीची नातलग. भाषाकुळं पाहिली तर इंग्रजी मराठीची दूरची चुलत बहीण लागते, कोरकूशी मराठीचं तेवढंही नातं नाही. घरी पाण्याला 'डा' म्हणणारं सहा वर्षांचं पोर चित्रातला घडा ओळखतं, तोंडही उघडतं. गुरुजी मात्र 'पाणी' ऐकायला थांबलेले असतात. धारणीच्या बाजारात त्याच्या कानावर हिंदी पडते, वर्गात मराठी, आणि त्याच वर्षी इंग्रजीही. यात त्याची स्वतःची भाषा कुठल्याच तासाला नाही.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी, असं भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी संविधानाचं 350क हे कलम 1956 पासून सांगतं. मेळघाटातून उठवून अकोट-तेल्हारा भागात वसवलेल्या गावांतल्या मुलांनाही ते लागू आहे. तिसरी भाषा कोणती यावर मुंबईत समित्या बसू देत. आधी मेळघाटातल्या आणि या गावांतल्या प्रत्येक पहिलीच्या वर्गात कोरकू बोलणारा एक तरी शिक्षक द्या.