मुळाशीं तुटलेला धूर

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें आपल्या तर्कशास्त्राचें आवडतें उदाहरण. पण नैयायिकांनीं त्या धुराला एक विशेषण लावून ठेविलें आहे, तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. धुराची रेषा मुळाशीं न तुटलेली असली पाहिजे, असें ते म्हणतात. मूळ तुटलें कीं अनुमान लंगडें पडतें; अग्नि कोठें आहे, आहे कीं विझला, हें नुसत्या धुरावरून सांगतां येत नाहीं. हें विशेषण तर्काइतकेंच नीतीच्याही कामाचें आहे असें मला वाटतें. कारण दूरदेशच्या वणव्यांचा मूळ तुटलेला धूर अलीकडे जगाच्या आकाशांत फार हिंडूं लागला आहे.

२६ सप्टेंबर १९५० रोजीं एडिंबरोच्या लोकांना सूर्य निळा दिसला. त्यापूर्वीं दोनच दिवस उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांत भर दुपारीं काळोख पडला होता. कोणाला ग्रहण वाटलें, कोणाला अणुबाँबची शंका आली. खरें कारण हजारों मैल दूर, पश्चिम कॅनडांतील चिंचागा नदीकांठच्या अरण्यांत होतें. तेथें जूनपासून वणवा पेटला होता आणि तो कोणी विझवीत नव्हतें. वस्ती, हमरस्ता किंवा लोहमार्ग यांपासून दहा मैलांच्या आंत आग आली तरच ती विझवावयाची, असें त्या काळीं आल्बर्टा प्रांताचें धोरण होतें. तें आखणारांना वेडे म्हणण्याचें कारण नाहीं. माणसें थोडीं, अरण्य अफाट. त्यांनीं आगीचें अंतर मोजलें, धुराचें मोजलें नाहीं, एवढेंच.

धुराचे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश इतस्ततः उधळतात व तांबडा सरळ येऊं देतात. म्हणून धुरांतला सूर्य बहुधा केशरी दिसतो. एडिंबरोवरचे कण जवळजवळ एकाच आकाराचे, सुमारें एक मायक्रॉनचे होते. त्यांनीं उलट तांबडाच अडविला. धूर उंचावर असेपर्यंत हा नुसता देखावा. तो खालीं उतरला कीं तेच कण श्वासाबरोबर फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात, आणि दमेकऱ्याला व हृद्रोग्याला त्या देखाव्याची किंमत मोजावी लागते. जून २०२३ मध्यें क्वेबेकच्या वणव्यांचा धूर न्यू यॉर्कवर असाच उतरला. ७ तारखेला तेथील हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला. ३०० च्या पुढची हवा सर्वांनाच घातक समजतात.

असें केशरी आकाश पाहून आनंद मानावा काय? नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, तसें सूर्यास्ताचेंही विचारूं नये, असें एखादा रसिक म्हणेल. मला तें पटत नाहीं. डोळ्यांना सुख व्हावयाचें तें होणारच, त्यांत पाप नाहीं. परंतु मूळ कळण्यासारखें असतांही तें न विचारणें ही रसिकता नव्हे; ती सोय आहे.

तक्रार करणाराची बाजूही वाटते तितकी सरळ नाहीं. कॅनडांतील ट्रेल गांवच्या धातूच्या भट्टीचा धूर सीमेपलीकडे वॉशिंग्टन राज्यांतील शेतांवर जाई. १९४१ सालीं लवादानें ठरविलें कीं, आपल्या भूमीवरच्या धुरानें शेजाऱ्याच्या भूमीची गंभीर हानि होऊं देण्याचा हक्क कोणत्याही राष्ट्राला नाहीं. पण तेथें धुराडें होतें, आणि धुराड्याला मालक होता. क्वेबेकच्या पुष्कळ आगी विजेनें लागल्या; विजेवर फिर्याद कशी करावयाची? शिवाय अरण्यें वाळविणारी उष्णता ज्या कोळशा-तेलाच्या ज्वलनानें वाढत आहे, त्यांत न्यू यॉर्कसारख्या महानगरांचा वाटा केवढा मोठा! (आपल्या मुंबई-पुण्याचाही आहे.) म्हणजे फिर्यादीच अर्धा आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा.

आणि जे आगीच्या अगदीं जवळ होते ते या वादांत कोठेंच दिसत नाहींत. त्या वर्षीं कॅनडांत दोन लाखांहून अधिक लोकांना घरें सोडावीं लागलीं. त्यांत तेथील आदिवासींचीं गांवें पुष्कळ होतीं. जगानें चित्रें पाहिलीं तीं मात्र न्यू यॉर्कच्या आकाशाचीं. कांहीं दिवसांनीं वारा फिरला, तें आकाश निवळलें. उत्तरेस वणवे उन्हाळाभर पेटलेलेच होते, आणि जून संपण्यापूर्वीं त्यांचा धूर अटलांटिक ओलांडून पोर्तुगाल-स्पेनवर पोंचला.