पुष्टी न केलेली चित्रफीत

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या मोबाइलच्या चित्रफितीत घटना दिसते, पण ती कोठली, केव्हाची आणि कोणी कशासाठी टिपली हे चित्रफीत स्वतःहून सांगत नाही. ते शोधणे पत्रकाराकडे येते, आणि त्या शोधाला वेळ द्यायचा की नाही हा त्याच्या व्यवसायनीतीचा प्रश्न ठरतो.

जुलै २०१८ मध्ये सैनिकी वेशातील काही माणसे दोन स्त्रिया व दोन बालकांना चालवत नेऊन गोळ्या घालतात, अशी एक चित्रफीत पसरली. मारेकरी कॅमेरूनचे सैनिक असल्याचा आरोप झाला, तर तेथील सरकारने ही खोटी बातमी असल्याचे सांगितले. बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या शोधपत्रकारिता विभागाने बाहेरच्या अभ्यासकांची मदत घेऊन चित्रफीत जवळपास चौकटीगणिक तपासली. दृश्यातील खुणा उपग्रहचित्रांशी ताडून जागा ठरवण्याच्या पद्धतीला भूस्थाननिश्चिती म्हणतात. येथे मागे दिसणारी डोंगररांग नायजेरियाच्या सीमेलगतच्या झेलेवेत गावाजवळच्या डोंगरांशी जुळली. काळ ठरवण्यासाठी कोणत्या घराच्या भिंती केव्हा उभ्या राहिल्या हे जुन्या उपग्रहचित्रांत पाहिले गेले, आणि चालत्या सैनिकांच्या सावल्यांवरून सूर्याचा कोन काढून घटना २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या दरम्यानची असल्याचा निष्कर्ष निघाला. सप्टेंबर २०१८ मध्ये हा तपास माहितीपटाबरोबरच ट्विटरवरील संदेशमालिकेतूनही मांडला गेला, आणि प्रत्येक पायरी उघड असल्यामुळे वाचकाला ती स्वतः पडताळता आली. ज्या माध्यमाने ती चित्रफीत स्रोताविना पसरवली, त्याच माध्यमावर तिचा पुरावा ठेवला गेला, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. मूळ चित्रण मारेकऱ्यांच्याच सोबत असलेल्या माणसाने केलेले होते. त्यांच्याच सोबत्याने टिपलेली ती चित्रफीत पत्रकारांच्या चिकाटीमुळे त्यांच्याविरुद्धची साक्ष झाली.

त्याच जुलैच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या काळात मुले पळवण्याच्या अफवेसोबत देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीत बालसुरक्षेच्या जागृतीसाठी बनवलेली होती, आणि तिचा हेतू सांगणारा शेवटचा भाग कापून ती पुढे पाठवली जात होती. अशी कापलेली चित्रफीत ओळखणे सावल्या मोजण्याइतके अवघड नव्हते. मूळ चित्रण शोधून पाहणे पुरेसे होते.

तरीही आज अनेक वृत्तवाहिन्या आणि संकेतस्थळे मिळालेली चित्रफीत जशीच्या तशी दाखवतात आणि खाली ‘या दाव्याची पुष्टी आम्ही केलेली नाही’ असे एक वाक्य जोडतात. या वाक्याने कायदेशीर बचाव कदाचित होत असेल, परंतु ज्या पडताळणीसाठी वाचक वृत्तमाध्यमांवर विसंबतो तीच त्याच्यावर सोपवली जाते, आणि मृतांचे किंवा जखमींचे चेहरे त्यांच्या आप्तांना कळण्याआधी सर्वत्र पोहोचतात. हा व्यवहार समर्थनीय नाही.

आधी चित्रफीत खोटी म्हणणाऱ्या कॅमेरूनच्या सरकारनेच ऑगस्ट २०१८ मध्ये सात सैनिकांना अटक झाल्याचे जाहीर केले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये तेथील लष्करी न्यायालयाने चौघांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा सुनावली. पडताळणीचे हे मोल लक्षात घेऊन मराठी वृत्तसंपादकांनी निदान एवढे ठरवावे की ‘व्हायरल’ हा शब्द स्रोत म्हणून यापुढे छापला जाणार नाही, आणि जागा व काळ निश्चित होईपर्यंत चित्रफीत थांबवून धरण्याचा अधिकार वार्ताहराला राहील.