न कळणारी भाषा

मॅस्टोडॉन हे २०१६ साली सुरू झालेले समाजमाध्यम अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून चालते. तिथे ज्याला हव्या त्याच भाषांतला सार्वजनिक मजकूर पाहता येतो. यात आम्हाला गैर वाटत नाही. न कळणारे वाचण्याची सक्ती कशाला? पण २०१७ साली जपानमध्ये ‘पावू’ हा सर्व्हर निघाला. त्यावरची काही अश्लील रेखाचित्रे तिथल्या कायद्याला चालत, इतरत्र नाही. म्हणून अनेक पाश्चात्त्य सर्व्हरांनी तो अडवला. चित्रे अडवणे रास्तच. पण सोबत साधे जपानी बोलणेही अडले. आम्ही उर्दूत शिकवतो, मराठीत लिहितो. अनोळखी लिपीकडे पाहणारी संशयी नजर आम्हाला ठाऊक आहे. स्वतःचे कान झाकणे हा हक्क आहे. साऱ्या मोहल्ल्याचे झाकण्याआधी मात्र दुभाषा शोधावा.