वह्या बुडाल्या तर आपल्याकडे काय उरेल?



आमच्या कन्नमवार नगरात सध्या जिकडे बघाल तिकडे खोदकाम आहे. म्हाडाच्या जुन्या इमारती जाऊन टॉवर येतायत. त्यातच कुठेतरी जेसीबीखाली आमच्या गल्लीची केबल तुटली आणि घरचं वायफाय नऊ दिवस बंद. केबलवाला रोज म्हणायचा, "उद्या नक्की." मोबाइलचा दिवसाचा डेटा ऑफिसच्या मीटिंगमध्येच दुपारपर्यंत संपायचा.

माझं सोडा, मला काळजी आजीची. २०२० च्या आषाढीला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आजीची वारी चुकली. तेव्हा मीच तिला टीव्हीवर विठ्ठलाचं ऑनलाइन दर्शन लावून दिलं. आता गुडघे चालत नाहीत, त्यामुळे तेच तिचं देऊळ.

पहिल्या संध्याकाळी ती नेहमीसारखी काळ्या पडद्यासमोर येऊन बसली. मी म्हटलं, "आजी, आज विठोबा दिसणार नाही गं."

"मग? तू बस इथं. दिवा लाव."

आणि तिने हरिपाठ सुरू केला. पुस्तक नाही, चष्मा नाही. मीही जोरात सुरुवात केली. पहिला अभंग जमला. दुसऱ्यात अडखळले. तिसऱ्याला हात आपोआप मोबाइलकडे गेला, तर ॲपमध्ये नुसतं चक्र फिरतंय! माऊलींचे सत्तावीस अभंग. सातवी शिकलेल्या आजीला सगळे पाठ, आणि रोज संतवचनांवर चिंतन लिहिणाऱ्या मला तीनसुद्धा येत नाहीत. खरं सांगते, लाज वाटली. मी इतके दिवस जे "वाचत" होते ते शोधून, उचलून, पुढे पाठवत होते. आत काहीच उतरलं नव्हतं.

त्या रात्री तुकोबांच्या वह्या आठवल्या. इंद्रायणीत बुडवायला लावलेल्या. परंपरा सांगते की तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्याविना काठावर बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या. काही अभ्यासक म्हणतात, गाथा तरली ती लोकांच्या मुखात, कारण अभंग गावोगाव पाठ होते. मला यात भांडण दिसत नाही. पांडुरंगाने तारायचं ठरवलं तर तो माणसांच्या तोंडूनच तारणार ना? पण माझ्यासारख्यांच्या गावात त्या वह्या बुडाल्या असत्या तर?

वायफाय वाईट, असं मी म्हणत नाहीये हां. संताजी जगनाडे महाराजांनी अभंग उतरवून ठेवले, वहीसुद्धा साधनच. आणि आजीही काही अगदी निर्विकार नव्हती. चौथ्या दिवशी हळूच विचारलं तिने, "उद्या तरी येईल ना गं तुझं ते नेट? डोळे भरून बघायचंय त्याला." तिला रूप हवं होतं. नाम तिच्यापाशी होतंच. माझ्याकडे मात्र दोन्ही उसनं.

म्हणून रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसायला लागले. ती ओळ म्हणते, मी मागून म्हणते. मध्ये एकदा कंटाळा आला, तेही लिहूनच टाकते. "बाळा, घाई कशाची, तो कुठं पळून जातोय," एवढंच म्हणाली.

मंगळवारी नेट आलं. आजीने दर्शन लावायला सांगितलं, आवाज मात्र बंद. पडद्यावर विठ्ठल, खाली आम्ही दोघी. चार अभंग न बघता झाले. पाचव्याच्या दुसऱ्या ओळीला मी पुन्हा अडकले, आणि ती माझ्याकडे बघत थांबली.

राम कृष्ण हरी.